सत्राची मुदत संपली, म्हणजे नेमके काय झाले?

‘आपल्या सत्राची मुदत संपली आहे. कृपया पुन्हा प्रवेश करावा.’ इंटरनेट बँकिंग वापरणाऱ्या खातेदाराच्या पडद्यावर हे वाक्य कधी ना कधी उमटतेच. लाभार्थीचे नाव, खाते क्रमांक, शाखेचा संकेतांक, रक्कम असे सारे काळजीपूर्वक भरून झालेले असते; एखादा कागद शोधण्यासाठी खातेदार काही मिनिटे उठतो, परत येऊन कळ दाबतो आणि ही सूचना समोर येते. भरलेला मजकूर तर जातोच, पण त्याहून मोठी चिंता असते ती पैसे गेले की राहिले याची. शाखेत दूरध्वनी येतो तोही बहुधा याच प्रश्नासाठी. आणि काउंटरवरील कर्मचाऱ्यालाही पुष्कळदा ‘पुन्हा एकदा करून पाहा’ यापलीकडे उत्तर सुचत नाही. हा सल्ला धोक्याचा ठरू शकतो. तो का, हे समजण्यासाठी सत्र म्हणजे काय, ते कोण मोजते आणि ते संपल्याचे संगणकाला कसे कळते, याची थोडी माहिती करून घ्यावी लागते.

विसरभोळा सर्व्हर आणि पितळी बिल्ला

वेब ज्या नियमांवर चालते ती ‘एचटीटीपी’ नावाची संदेशपद्धती टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या सुमारास जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत तयार केली. शास्त्रज्ञांना एकमेकांचे दस्तऐवज सहज वाचता यावेत, हा तिचा मूळ हेतू. वाचकाच्या संगणकाने पान मागावे, सर्व्हरने ते द्यावे आणि व्यवहार तेथेच मिटावा. पुढचे पान मागणारा मघाचाच आहे की दुसरा कोणी, याची नोंद ठेवण्याचे सर्व्हरला कारणच नव्हते. वाचनापुरते हे ठीक होते. बँकेच्या कामाला मात्र ते चालणारे नव्हते. पासवर्ड देऊन आत आलेल्या खातेदाराने शिल्लक विचारताच सर्व्हरने पुन्हा ‘आपण कोण?’ असे विचारले, तर व्यवहार व्हायचा कसा?

यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी एक युक्ती काढली. सर्व्हरने ब्राउझरच्या हाती एक लहानशी चिठ्ठी द्यावी आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ती दाखवावी. हीच ‘कुकी’. बँकेच्या जुन्या खातेदारांना ही पद्धत अनोळखी वाटू नये. संगणक येण्यापूर्वीच्या शाखेत पैसे काढणारा खातेदार धनादेश आत देई आणि क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला घेऊन बाकावर बसे. रोखपाल क्रमांक पुकारी आणि बिल्ला परत घेऊन रक्कम मोजून देई. बिल्ल्यावर खातेदाराचे नाव नसे की शिल्लक नसे. ती माहिती काउंटरच्या आत, खतावणीत असे. कुकीत असलेला सत्र-क्रमांकही तसाच. तो अंदाजाने ओळखता येणार नाही असा लांबलचक, यदृच्छया निवडलेला आकडा असतो. त्या क्रमांकाचा खातेदार कोण, त्याने प्रवेश केव्हा केला, त्याची शेवटची हालचाल कधीची, हे सर्व्हरच्या स्मृतीत लिहिलेले असते. या नोंदीला सत्र किंवा ‘सेशन’ म्हणतात.

बिल्ल्याची उणीवही कुकीत तशीच उतरली आहे. बिल्ला ज्याच्या हाती, तो खातेदार. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये एरिक बटलर यांनी ‘फायरशीप’ नावाची फायरफॉक्स ब्राउझरची जोडणी जाहीर केली, तेव्हा हे जगाला ठळकपणे दिसले. उपाहारगृहातील खुल्या वाय-फायवर बसून शेजारच्या टेबलावरील माणसाची कुकी टिपायची आणि त्याच्या नावाने संकेतस्थळात शिरायचे, एवढे काम ती जोडणी माउसच्या एका टिचकीसरशी करी. पासवर्ड मागणारे पान सांकेतिक स्वरूपात पाठवून पुढची पाने उघडी ठेवणारी अनेक नामांकित संकेतस्थळे तेव्हा होती. त्यानंतरच्या वर्षांत सारीच पाने सांकेतिक करण्याकडे कल वाढला. तरीही चोरलेला बिल्ला निरुपयोगी करण्याचा एक साधा उपाय उरतोच, आणि तो म्हणजे बिल्ल्याला मुदत घालणे.

दोन घड्याळे

ही मुदत दोन प्रकारे मोजली जाते. पहिले घड्याळ निष्क्रियतेचे. खातेदाराच्या प्रत्येक हालचालीबरोबर ते शून्यावर येते आणि ठरावीक काळ काहीच झाले नाही तर सत्र मिटवते. दुसरे घड्याळ प्रवेशाच्या क्षणापासून चालू होते आणि कोणत्याही हालचालीने मागे जात नाही. माणूस अखंड काम करीत असला तरी काही तासांनी त्याने ओळख पुन्हा पटवावी, हा त्याचा हेतू. चोराच्या हाती सत्र लागले आणि तो दर दोन मिनिटांनी पान ताजे करीत बसला, तर पहिले घड्याळ त्याला कधीच बाहेर काढू शकत नाही.

किती वेळ द्यावा, याचे एकच उत्तर नाही. संगणक प्रणालींबरोबर येणारी आयती मुदत निरनिराळी असते : ‘एएसपी डॉट नेट’मध्ये २० मिनिटे, ‘टॉमकॅट’मध्ये ३० मिनिटे, तर ‘पीएचपी’मध्ये १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे. वेब-सुरक्षेविषयी मार्गदर्शन करणारी ‘ओवॅस्प’ ही संस्था मात्र अधिक जोखमीच्या कामांसाठी २ ते ५ मिनिटे आणि कमी जोखमीच्या कामांसाठी १५ ते ३० मिनिटे निष्क्रियता-मुदत सुचवते. बँकेचे पान वृत्तपत्राच्या पानापेक्षा लवकर मिटते, त्याचे कारण हे आहे.

‘पीएचपी’च्या त्या २४ मिनिटांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. तेथे मुदत उलटलेल्या नोंदी त्या क्षणी पुसल्या जात नाहीत. त्या केवळ झाडलोटीस पात्र ठरतात आणि प्रत्यक्ष झाडलोट अधूनमधून होते. गर्दी नसलेल्या सर्व्हरवर जुने सत्र तासभरही जिवंत सापडू शकते. म्हणून जाणता प्रोग्रामर प्रणालीच्या आयत्या मुदतीवर विसंबत नाही. शेवटच्या हालचालीची वेळ तो स्वतः नोंदवतो आणि प्रत्येक मागणीच्या वेळी ती तपासतो.

संपल्याचे कळते कसे?

सत्र संपल्याची वर्दी सर्व्हर आपणहून देत नाही. ब्राउझर पुढची मागणी करतो तेव्हाच ते उघड होते. तोपर्यंत पडद्यावरचे पान जसेच्या तसे दिसत राहते. ग्राहकाचा गोंधळ येथेच सुरू होतो, कारण मिटलेल्या सत्राचे पान आणि चालू सत्राचे पान दिसायला सारखेच असते.

मागणी आली की सर्व्हरसमोर निरनिराळ्या शक्यता असतात. बिल्लाच आला नाही, तर येणारा नवा पाहुणा आहे. त्याला सरळ प्रवेशाचे पान दाखवावे. प्रथमच आलेल्या माणसालाही ‘मुदत संपली’ असे सांगणारी संकेतस्थळे पाहायला मिळतात. आपण आलोच नव्हतो तर संपले काय, असे त्याला वाटले तर नवल नाही. बिल्ला आला पण त्याची नोंद आत सापडत नाही, ही खरी सत्रसमाप्तीची खूण. जावा भाषेतील सर्व्हलेट पद्धतीत हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारण्याची सोय आहे : ब्राउझरने कोणता सत्र-क्रमांक सादर केला, आणि तो अद्याप वैध आहे काय? पहिल्याला उत्तर मिळाले आणि दुसऱ्याला नकार आला, तरच मुदत संपल्याचा संदेश दाखवणे योग्य.

नोंद नाहीशी होण्याचे कारण दर वेळी वेळच असते असेही नाही. मोठ्या बँकेचे काम एका सर्व्हरवर भागत नाही. येणाऱ्या मागण्या अनेक सर्व्हरांत वाटल्या जातात, आणि सत्राची नोंद एकाच सर्व्हरच्या स्मृतीत असेल तर दुसऱ्याकडे गेलेला खातेदार तेथे परका ठरतो. देखभालीसाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तरी स्मृतीतील सत्रे पुसली जातात. एकाच खात्यात दुसऱ्या संगणकावरून प्रवेश केल्यास पहिले सत्र मिटवण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे. ग्राहकाला हे सारे ‘मुदत संपली’ याच शब्दांत कळवले जाते. शेवटच्या प्रकारात तरी ते चुकीचे आहे. ‘आपल्या खात्यात अन्यत्र प्रवेश झाल्यामुळे हे सत्र बंद करण्यात आले’ असे स्पष्ट सांगितले, तर तो प्रवेश आपण केलेला नाही, हे खातेदाराला वेळीच लक्षात येईल.

आजची पाने एकदाच येऊन थांबत नाहीत. पान समोर असतानाच त्यातील लहान प्रोग्राम पडद्याआड सर्व्हरशी बोलत राहतात; शिल्लक ताजी करतात, लाभार्थींची यादी आणतात. सत्र संपल्यावर सर्व्हरने अशा मागणीलाही नेहमीच्या सवयीने प्रवेशाच्या पानाकडे वळवले, तर ब्राउझर निमूटपणे ते पान घेऊन येतो, आणि उत्तराबरोबरचा संकेतांक असतो २००, म्हणजे ‘सर्व ठीक’. शिल्लक दाखवायच्या चौकटीत मग आख्खे प्रवेशाचे पान कोंबलेले दिसते, किंवा चाक नुसते फिरत राहते. यावरचा शिस्तशीर उपाय म्हणजे पडद्याआडच्या मागणीला सर्व्हरने ४०१ हा ‘ओळख पटलेली नाही’ असे सांगणारा संकेतांक द्यावा आणि पानातील प्रोग्रामने तो ओळखून खातेदाराला स्पष्ट सूचना दाखवावी. ४०३ हा संकेतांक वेगळा. त्याचा अर्थ ‘ओळख पटली आहे, पण परवानगी नाही’ असा असून, तेथे पुन्हा पासवर्ड मागून काहीच साधत नाही.

याच पडद्याआडच्या संवादातून दुसरी, अधिक गंभीर चूक घडते. शिल्लक दर मिनिटाला आपोआप ताजी होत असेल आणि सर्व्हर तिला खातेदाराची हालचाल समजत असेल, तर निष्क्रियतेचे घड्याळ कधीच पुढे सरकत नाही. खातेदार जेवायला उठून गेला तरी सत्र रात्रभर जागे राहते. इतकेच काय, ‘सत्र अजून चालू आहे का?’ असे पानाने सर्व्हरला विचारले तरी त्या विचारण्यानेच मुदत वाढू शकते. माणसाने केलेली मागणी आणि यंत्राने केलेली मागणी यांत भेद करणे, म्हणूनच, प्रोग्रामरला टाळता येत नाही.

पूर्वसूचना

‘आपले सत्र एका मिनिटात संपेल. पुढे चालू ठेवायचे आहे काय?’ ही चौकट दाखवणारे घड्याळ ग्राहकाच्याच संगणकात चालते. ते सोयीसाठी आहे, निर्णय सर्व्हरचाच. या घड्याळाने सेकंद मोजत बसणे चुकीचे ठरते, कारण संगणक झोपी गेला की मोजणीही थांबते. जाग आल्यावर ते उरलेली चार मिनिटे दाखवील, आणि सर्व्हरवर सत्र मिटून तास लोटलेला असेल. त्यापेक्षा संपण्याची वेळ लिहून ठेवून चालू वेळेशी ताडून पाहणे बरे. एकाच ब्राउझरमध्ये बँकेची दोन पाने उघडी असली, की एका पानावर काम चालू असताना दुसऱ्या स्वस्थ पानाचे घड्याळ संपून ते खातेदाराला बाहेर काढते. शेवटच्या हालचालीची वेळ दोन्ही पानांना दिसेल अशा सामाईक जागी ठेवली, तर हा त्रास टळतो.

डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डब्ल्यूसीएजी २.०’ या सुगम्यतेच्या जागतिक निकषांत वेळमर्यादेचा स्वतंत्र विचार आहे. ज्यांना मर्यादा आधी बंद करण्याची वा वाढवून घेण्याची सोय नाही, त्यांना वेळ संपण्यापूर्वी सूचना द्यावी आणि एखादी कळ दाबण्यासारख्या साध्या कृतीने मुदत वाढवण्यासाठी निदान २० सेकंद द्यावेत, असे तो निकष सांगतो. पडदावाचकाच्या साहाय्याने काम करणाऱ्या दृष्टिहीन खातेदाराला, किंवा थरथरत्या हातांनी एकेक अक्षर शोधून टंकणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाला पाच मिनिटे सहज अपुरी पडतात. सुरक्षेसाठी मुदत आखूड ठेवायची असेल, तर सूचना तरी वेळेवर आणि मोठ्याने वाचली जाईल अशी हवी. या बाबतीत पुष्कळ संकेतस्थळे अद्याप कमी पडतात.

पैसे गेले की राहिले?

सत्र आणि आदेश या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सत्र म्हणजे ओळख पटल्याची नोंद. आदेश म्हणजे पैसे पाठवण्याची सूचना. ओटीपी देऊन ‘मान्य’ कळ दाबली, बँकेच्या सर्व्हरने आदेश स्वीकारला आणि उत्तर परत येण्याच्या आत संपर्क तुटला किंवा सत्र मिटले, तरी आदेश आपल्या वाटेने पुढे जातो. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र चालू झाल्यामुळे रात्री अकरा वाजता दिलेला आदेशही सकाळपर्यंत खोळंबून राहत नाही. याउलट, कळ दाबण्यापूर्वीच सत्र मिटलेले असेल, तर सर्व्हरने आदेश घेतलेलाच नसतो. खातेदाराला मात्र दोन्ही प्रसंगी एकच पडदा दिसतो.

‘पुन्हा एकदा करून पाहा’ हा सल्ला धोक्याचा आहे तो यामुळे. पहिला आदेश स्वीकारला गेला असेल, तर दुसऱ्याने तीच रक्कम दोनदा जाते, आणि समोरच्याच्या खात्यात जमा झालेली रक्कम त्याच्या संमतीवाचून परत आणणे सोपे नसते. खातेदाराने पुन्हा प्रवेश करून आधी खातेउतारा आणि पाठवलेल्या व्यवहारांची यादी पाहावी. नावे नोंद आणि संदर्भ क्रमांक दिसत असेल, तर व्यवहार झाला आहे किंवा प्रक्रियेत आहे. काहीच दिसत नसेल, तर थोडा वेळ थांबून पुन्हा यादी पाहावी आणि मगच नवा आदेश द्यावा. शाखेतील कर्मचाऱ्यानेही दूरध्वनीवर पहिला प्रश्न विचारावा तो ‘ओटीपी दिला होता काय?’ हा. ओटीपी कोणता, हे मात्र कदापि विचारू नये.

प्रणालीच्या बाजूने यावर उपाय आहे. आदेशाचा अर्ज पडद्यावर येतानाच त्याला एक अनन्य क्रमांक द्यावा आणि त्याच क्रमांकाचा आदेश दुसऱ्यांदा आला तर तो न वटवता पहिल्याचाच निकाल दाखवावा. सत्र संपल्यावर भरलेला मजकूर जपून ठेवून पुनःप्रवेशानंतर परत देणे ही मोठी सोय. पण तिला दोन अटी हव्यात. पुन्हा आलेला खातेदार तोच आहे याची खात्री करावी, नाहीतर सामाईक संगणकावर एकाचा अर्ज दुसऱ्यासमोर उघडेल. आणि पैशांचा आदेश प्रवेशाबरोबर आपोआप पुढे न जाता खातेदाराकडून नव्याने मान्य करून घ्यावा. भारतीय रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी डिजिटल प्रदान सुरक्षेविषयी दिलेल्या निर्देशांत, व्यत्यय आल्यास किंवा ग्राहकाने ॲप बंद केल्यास सत्र संपवावे, अडकलेले व्यवहार मार्गी लावावेत अथवा उलटवावेत आणि ग्राहकाला तसे त्वरित कळवावे, असे म्हटले होते.

खिडकी बंद केली म्हणजे बाहेर पडलो काय?

नाही. ब्राउझरची खिडकी मिटल्याचे सर्व्हरला बहुधा कळतच नाही; त्याच्या लेखी सत्र निष्क्रियतेची मुदत पुरी होईपर्यंत चालू असते. शिवाय मागची पाने पुन्हा उघडण्याची सोय असलेले ब्राउझर कुकीही जिवंत करू शकतात. ‘लॉगआउट’ कळ दाबल्यावर मात्र सर्व्हरवरील नोंद पुसली जाते, निदान जायला हवी. केवळ ब्राउझरमधील कुकी काढून टाकणारी प्रणाली म्हणजे बिल्ला फेकून देऊन खतावणीतील नोंद तशीच ठेवणे होय. बाहेर पडल्यावर ‘मागे’ कळ दाबताच जुने पान दिसले, तर ते बहुधा संगणकाने साठवलेले चित्र असते. त्यावरून व्यवहार करता येत नाही, पण शिल्लक वाचता येते. बँकेने ‘हे पान साठवू नये’ अशी आज्ञा पानासोबत पाठवली, तर तेही टळते.

सत्रसमाप्तीच्या सूचनेची सवय झाल्याचा फायदा भामटेही घेतात. ‘आपले सत्र संपले, येथे पुन्हा प्रवेश करा’ असे सांगणारा ईमेल किंवा लघुसंदेश म्हणजे फसवणूकच. सत्र संपल्याची सूचना उघड्या पानावर येते. ती टपालाने येत नाही. पुनःप्रवेश करताना पत्ता स्वतः टंकावा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार भारतीय बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव क्षेत्रात नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत देण्यात आली होती, त्यामुळे पत्त्याचा शेवट पाहणे ही आता उपयुक्त खूण झाली आहे. पासवर्ड चुकीच्या पानावर दिला गेलाच, तर बँकेला कळवावे आणि पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

काउंटरच्या आतली सत्रे

शाखेतील कोअर बँकिंगचा पडदा हेही एक सत्रच. चहासाठी उठताना तो उघडा राहिला, तर त्या अवधीत झालेली प्रत्येक नोंद उठून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर चढते. व्यवहार एकाने नोंदवावा आणि दुसऱ्याने पडताळावा, या पद्धतीची सारी भिस्त दोन ओळखी खरोखर दोन माणसांच्या असण्यावर आहे. गर्दीच्या वेळी सोयीसाठी एकमेकांची सत्रे वापरली गेली, की चौकशीत सांगण्यासारखे काही उरत नाही. जागेवरून उठताना पडदा कुलूपबंद करायला दोन कळा पुरतात.

नोंद करता करता कर्मचाऱ्याचेच सत्र तुटले, तर त्यानेही खातेदाराप्रमाणे आधी दिवसाच्या व्यवहारांची यादी पाहावी आणि मगच स्लिप पुन्हा हाती घ्यावी. नोंदवलेले पण पडताळणी न झालेले व्यवहार दिवसअखेरीच्या कामापूर्वी निकाली काढावे लागतात, त्यामुळे अधांतरी राहिलेली नोंद संध्याकाळी समोर येतेच. मात्र पहिल्या नोंदीची पडताळणी होऊन गेली असेल आणि तीच स्लिप दुसऱ्यांदा चढवली गेली असेल, तर ती चूक त्या यादीत दिसत नाही. खातेदार आपला उतारा घेऊन काउंटरवर येतो तेव्हाच ती उघडकीस येते.